नकाराचे कारण
(नभोवाणीवरील भाषण)



बालाघाट जिल्ह्यातील बैहर आणि परसवाडा हा भाग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तेथील अंतरांची कल्पना आहे. साल आणि बांबू यांची दाट वने, त्यांत दूरदूर वसलेली बैगांची आणि गोंडांची खेडी, आणि अशा काही खेड्यांच्या वाट्याला मिळून एखादे शासकीय उचित मूल्य दुकान. या दुकानात हल्ली तराजूच्या शेजारी हातात मावेल एवढे एक यंत्र असते. शिधापत्रिका असणाऱ्याने त्यावर बोट टेकवावयाचे, यंत्राने तो ठसा दूरच्या केंद्राकडे धाडावयाचा, केंद्राने होय किंवा नाही असे उत्तर द्यावयाचे, आणि ‘होय’ आले म्हणजे धान्य मापावयाचे, असा हा क्रम आहे. पुष्कळदा तो सुरळीत चालतो. जेव्हा चालत नाही तेव्हा दुकानदार म्हणतो, “बाई, अंगठा लागत नाही. उद्या या.” ती म्हणते, “भाऊ, मागल्या महिन्यात तर लागला होता!” यावर त्याच्यापाशी उत्तर नसते. यंत्राने जेवढे सांगितले तेवढेच तोही सांगतो. ती बाई हात पदराला पुसते, पुन्हा बोट टेकवते, पुन्हा तेच.

हे न मिळालेले उत्तर हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. तो वास्तविक संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांचा विषय. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राशी बोलावे यासाठी ज्या आज्ञावल्या लिहितात, त्यांत काही बिघडले असता कोणते शब्द उमटावेत, एवढाच तो प्रश्न. परंतु ज्या कामासाठी पूर्वी माणूस माणसाकडे जात असे त्यांतील बरीचशी कामे आता या यंत्रांच्या संभाषणावर अवलंबून राहिली आहेत, आणि म्हणून त्यांच्या नकाराचे शब्द कोणी व कसे लिहिले याची चौकशी करण्याचा अधिकार आपणां सर्वांना पोचतो.

प्रथम त्या बाईचाच प्रसंग घेऊ. अंगठा ‘न लागण्याची’ कारणे कोणती असू शकतील? तेंदूपत्ता तोडून, मोळ्या बांधून, माती उपसून बोटांच्या रेषा झिजल्या असतील, तर ठसा जुळणार नाही. ठसा उत्तम असेल, पण तेवढा वेळ मोबाइलचे जाळेच नसेल. यंत्राचे घड्याळ पुढे गेले असेल, तर केंद्र म्हणेल की ही विनंती उद्याच्या तारखेची दिसते, आम्ही ती घेत नाही. त्या बाईच्या आधार क्रमांकापुढे केंद्राच्या दप्तरी ठसाच नसेल. आणि सरतेशेवटी, केंद्रातच काही बिघाड झालेला असेल. आता पाहा, या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. पहिल्यात दुसरे बोट लावून पाहावे. दुसऱ्यात तासभर थांबावे किंवा यंत्र घेऊन टेकाडावर जावे. तिसऱ्यात दुकानदाराने घड्याळ लावावे. चौथ्यात त्या बाईने नोंदणी-केंद्राची वाट धरावी. पाचव्यात कोणीच काही करू नये, स्वस्थ बसावे. पाच रोगांना पाच औषधे आहेत, आणि वैद्याने नाडी पाहून नाव मात्र एकच सांगितले!

येथे कोणी म्हणेल, यंत्राला कारण ठाऊकच नसेल तर ते काय सांगणार? परंतु तसे नाही, आणि सगळी मौज, किंवा सगळे दुःख म्हणा, येथेच आहे. आधार प्राधिकरणाने ठसे पडताळण्याची जी पद्धत ठरवून प्रसिद्ध केली आहे तीत प्रत्येक नकाराला क्रमांक आहे. ठसा जुळला नाही तर ३००. विनंती फार जुनी असेल तर ५६१, आणि तिच्यावरील वेळ पुढची असेल तर ५६२. त्या क्रमांकापुढे ठसाच नोंदलेला नसेल तर ८११. असा क्रमांकच नसेल तर ९९८. केंद्राच्या पोटातील तांत्रिक बिघाडांसाठी ९३० ते ९३९ हे आकडे राखून ठेवलेले आहेत, आणि जे कशातच बसत नाही त्याला ९९९. म्हणजे केंद्राने नकार दिला तो कारणासह दिला. वाटेत जाळेच तुटले असेल, तर केंद्राला काही कळले नसेल, पण दुकानातील यंत्राला तर कळले होते. कारण कोठे ना कोठे माहीत होते. मग ते त्या बाईपर्यंत येता येता गळाले कोठे?

ही गळती समजण्यासाठी आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. पोस्टमन पत्र घेऊन जातो आणि ते देता येत नाही, तेव्हा तो ते नुसतेच परत आणीत नाही. पाकिटावर तो शेरा मारतो: पत्ता अपुरा, मालक गाव सोडून गेला, घर बंद, घेण्यास नकार, मालक मयत. दोन शब्दांचा तो शेरा वाचून पाठविणाऱ्याला पुढे काय करावयाचे ते उमगते. ‘पत्ता अपुरा’ असेल तर तो पेठेचे नाव घालून पुन्हा पाठवील. ‘घेण्यास नकार’ असेल तर वकिलाकडे जाईल. टपालखात्याविषयी आपण कितीही कुरकुर केली, तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पत्र ज्या उंबऱ्यावर अडले त्या उंबऱ्यावरच कारण लिहिले गेले पाहिजे, हा नियम त्या खात्याने पाळला.

संगणकांचे जाळे ज्यांनी उभारले त्यांनीही आरंभी हाच नियम घातला होता. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेत काम करणारे जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये एक छोटेखानी लेख प्रसिद्ध केला. आर.एफ.सी. ७९२ या नावाने तो ओळखला जातो. निरोप पोचला नाही तर वाटेतील यंत्राने पाठविणाऱ्याला काय कळवावे, हा त्याचा विषय. त्या मुलखाकडे वाट नाही; मुलूख आहे पण ते यंत्र सापडत नाही; यंत्र आहे पण आपण म्हणता त्या खिडकीवर कोणी बसलेले नाही; निरोप वाटेच्या मानाने मोठा आहे आणि त्याचे तुकडे करू नयेत असे आपणच लिहून दिले आहे; अशी निरनिराळी कारणे तेथे क्रमांकांनी दिलेली आहेत. त्याहून मला विशेष वाटते ती एक बारीक तरतूद. असे कारण कळविताना मूळ निरोपाचा मथळा आणि त्यातील पहिली आठ अक्षरस्थाने सोबत परत धाडावीत, असे तेथे सांगितले आहे. का? तर ज्याने एकाच वेळी शंभर निरोप धाडले आहेत त्याला, हा नकार नेमका कोणत्या निरोपाचा, हे कळावे म्हणून. परत आलेल्या पाकिटावर मूळ पत्ता तसाच राहतो ना, तद्वत.

पुढे १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाने आपल्या युनिक्स प्रणालीची जी आवृत्ती काढली तिच्यात आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती ही कारणे सुटसुटीत नावांनी आली. त्यांतील दोन नावे तर आजही दररोज लाखो पडद्यांवर उमटत असतील. एक, ‘जोडणी नाकारली’. दुसरे, ‘मुदत संपली’. सामान्य माणसाला दोन्ही सारखीच वाटतात. काम झाले नाही एवढेच त्याला दिसते. परंतु जाणत्याला यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. जोडणी नाकारली याचा अर्थ बहुतेक वेळा असा की घर सापडले, दारही सापडले, आतून स्पष्ट उत्तर आले की येथे आपण म्हणता तो कोणी राहत नाही. म्हणजे वाट ठीक, तारा ठीक, यंत्र जिवंत; फक्त त्यावरील हवी ती आज्ञावली चालू नाही. मुदत संपली याचा अर्थ आपण हाक मारली आणि काहीच ऐकू आले नाही. घर आहे की नाही, वाटेत नदीला पूर आला आहे की काय, की घरधनी ऐकून न ऐकल्यासारखे करतो आहे, काही कळावयास मार्ग नाही. पहिल्या बाबतीत एका माणसाला उठवले की काम होते. दुसऱ्यात शोधाला निघावे लागते.

आणि ‘मुदत संपली’ हे शब्द पैशाच्या व्यवहारात तर फारच जपून वापरावे लागतात. मुदत संपली खरी, पण कशाची वाट पाहताना? निरोप धाडण्यापूर्वीच जोडणी होईना म्हणून मुदत संपली असेल, तर काही झालेले नाही, खुशाल पुन्हा पाठवावे. निरोप धाडून झाला आणि उत्तराची वाट पाहताना मुदत संपली असेल, तर पैसे गेले असतील किंवा नसतीलही, आणि तेथे पुन्हा पाठविणे म्हणजे दोनदा देणे होऊ शकेल. गोंदियाच्या बाजारात फोनवरून पैसे देताना ज्यांचा व्यवहार मध्येच लोंबकळत राहिला आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावयास नको. आज्ञावली लिहिणाऱ्याला मात्र तो ध्यानात ठेवून दोन निराळी वाक्ये लिहावी लागतात. पुष्कळदा तो एकच लिहितो.

आता गळतीकडे वळू. बालाघाटच्या लोकांना गोंदियाची जुनी गोष्ट आठवत असेल. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर आणि जबलपूरकडे जाणारी अडीच फूट रुंदीची छोटी लाइन बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. परंतु तो छोटा होता तोवर मोठ्या लाइनीचा माल गोंदियास उतरून छोट्या डब्यांत भरावा लागे, आणि छोट्याचा मोठ्या डब्यांत. अशा बदलीच्या ठिकाणी एक प्रश्न नेहमी उभा राहतो. पोते अलीकडच्या प्रवासात भिजले असेल, तर ‘भिजलेले मिळाले’ हा शेरा पुढच्या कागदावर उतरवून घेतला पाहिजे. तो उतरवला नाही, तर शेवटच्या स्टेशनावर माल सोडवून घेणाऱ्या व्यापाऱ्याला भिजलेले पोते तेवढे दिसेल; ते कोठे भिजले, कोणाच्या ताब्यात असताना भिजले, हे सांगणारा कागद त्याच्या हाती नसेल.

संगणकाच्या जाळ्यातील आज्ञावल्या अशाच एकीवर एक रचलेल्या असतात. अगदी खाली तारांशी व लहरींशी बोलणारी. तिच्यावर पत्ता शोधणारी. तिच्यावर जोडणी करणारी. तिच्यावर गुप्तलेखन सांभाळणारी. तिच्यावर विनंतीचा मसुदा करणारी. आणि सर्वांत वर, ज्या पडद्यावर त्या बाईचे नाव दिसते ती. खालच्या थराला कारण समजते, पण बोलावयाचे वरच्याने. प्रत्येक दोन थरांच्या मध्ये एक गोंदिया आहे. तेथील कारकुनाने शेरा उतरवून घेतला तर कारण वर पोचते, नाही तर नाही.

तो का उतरवून घेतला जात नाही? यात दुष्टावा क्वचितच असतो, आळस बराच असतो, आणि त्याहून अधिक असते ती एक चमत्कारिक नीटनेटकेपणाची हौस. आज्ञावली लिहिणारा आपल्या थरापुरता विचार करतो. त्याच्या थराचे काम शिधा देणे. त्यात घड्याळे, पत्ते आणि प्रमाणपत्रे कशाला आणावयाची? म्हणून तो खालून आलेली सारी संकटे एकाच जाळ्यात धरतो आणि त्यांच्या जागी आपले एक स्वच्छ वाक्य ठेवतो: ‘काही अडचण आली आहे, कृपया नंतर प्रयत्न करावा.’ वाक्य सभ्य आहे, व्याकरणशुद्ध आहे, आणि त्याने एकही गोष्ट कळत नाही. ‘नंतर प्रयत्न करावा’ हा सल्ला तर पुष्कळदा खोटाच असतो. ज्याचा ठसा दप्तरीच नाही त्याने शंभर वेळा प्रयत्न केला तरी काय होणार?

यावरचा उपाय कठीण नाही, आणि भाषांच्या कर्त्यांनी तो हाती दिलेलाही आहे. वरच्या थराने आपले वाक्य अवश्य लिहावे, परंतु खालचे वाक्य पुसून नव्हे, तर त्याच्यापुढे जोडून. ‘शिधा देता आला नाही, कारण ठसा पडताळता आला नाही, कारण केंद्राशी जोडणी झाली नाही, कारण केंद्राच्या नावाचा पत्ता सापडला नाही.’ अशी साखळी धरून ठेवण्याची सोय जावा भाषेत २००२ मध्ये आली, पायथनमध्ये २००८ मध्ये, गो या भाषेत २०१९ मध्ये. साखळीचे पहिले टोक बाईने वाचावे, शेवटचे दुरुस्त करणाऱ्याने. पण मधली एकही कडी कोणी काढून टाकू नये. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी चालविलेल्या ‘कर्ल’ या आज्ञावलीचे उदाहरण यात घेण्यासारखे आहे. नावाचा पत्ता न सापडल्यास ती ६ हा आकडा देऊन थांबते, जोडणी न झाल्यास ७, मुदत संपल्यास २८, समोरच्याचे प्रमाणपत्र न पटल्यास ६०. यंत्राने वाचावयाचा आकडा आणि माणसाने वाचावयाचे वाक्य, दोन्ही ती देते.

साखळी ठेवूनही कारण हरवते असा एक मासलेवाईक प्रकार आहे. तो सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण अनुभवी माणसेही त्यात फसतात. जाळ्यातील एका नावाचे पुष्कळदा अनेक पत्ते असतात, काही जुन्या पद्धतीचे, काही नव्या. आज्ञावली ते एकामागून एक करून पाहते आणि सर्व फसले म्हणजे नकार देते. कोणता नकार? तर शेवटच्या पत्त्याचा, कारण तोच तिच्या हाती उरलेला असतो. समजा पहिल्या पत्त्यावर उत्तर मिळाले, ‘जोडणी नाकारली’. ते खरे कारण होते. दुसरा पत्ता नव्या पद्धतीचा, आणि दुकानातील यंत्राला नव्या पद्धतीचे जाळेच नाही. म्हणून तेथे उत्तर आले, ‘त्या मुलखाकडे वाट नाही’. पडद्यावर दुसरेच दिसते. मग दुरुस्तीवाला आपल्या जाळ्याची वाट शोधीत बसतो, आणि तिकडे केंद्रातील बंद पडलेली आज्ञावली कोणी चालू करीत नाही. दोन दारे ठोठावली असतील तर दोन्हींची हकीकत सांगावी, एवढी साधी गोष्ट ही. पण ती लक्षात राहात नाही खरी.

कारण गाळण्याचा दुसरा मार्ग मौनाचा. पोस्टेल यांनी योजलेले ते कारणांचे निरोप बाहेरच्यांना आपल्या जाळ्याची माहिती देतात, त्यांतून चोराला वाट सापडेल, या भीतीने पुष्कळ व्यवस्थापकांनी ते सरसकट अडवून टाकले. याचा परिणाम विलक्षण झाला. ‘निरोप वाटेच्या मानाने मोठा आहे, लहान करून धाडा’ हा निरोपही अडला. मग लहान निरोप जात, मोठे मध्येच गडप होत, आणि पाठविणाऱ्याला कोणी काही सांगत नसे. माणूस आपले नाव व परवलीचा शब्द घालून आत जाई, सारे ठीक दिसे, आणि मग पान काही केल्या उघडत नसे. या प्रकाराला त्या शास्त्रात ‘कृष्णविवर’ असेच नाव पडले, आणि सप्टेंबर २००० मध्ये त्याची तपशीलवार चर्चा करणारा एक स्वतंत्र लेख जाळ्याच्या कारभाऱ्यांना प्रसिद्ध करावा लागला.

मौनापेक्षा वाईट आहे ते चुकीचे कारण. रोजगार हमीच्या २००५ सालच्या कायद्याखाली मजुरांच्या मजुरीचे पैसे जेव्हा आधारच्या वाटेने बँकेत जाऊ लागले, आणि जानेवारी २०२४ पासून तर ती वाट सर्वत्र सक्तीची झाली, तेव्हा परत आलेल्या पैशांपुढे एक शेरा वारंवार दिसे, त्याचा अर्थ ‘आधार निष्क्रिय’. मजुराने आपले आधारपत्र काढून पाहावे तर ते चांगले चालू असे! नोंदणी-केंद्रात जावे तर तेथील माणूसही म्हणे, यात काही खोट नाही. खरी गोष्ट निराळीच होती. राष्ट्रीय पेमेंट महामंडळ एक तक्ता ठेवते. कोणत्या आधार क्रमांकाचे पैसे कोणत्या बँकेकडे जावयाचे हे त्यात नोंदलेले असते. त्या तक्त्यातील क्रमांक आणि बँक यांची जोडणी तुटली असेल तर हा शेरा उमटे. दोष आधारपत्रात नव्हे, तक्त्यात. आणि तो दूर करावयाचा तर बँकेत जावे लागे. ‘आपल्या बँकेची जोडणी तुटली आहे’ एवढे वाक्य लिहिले असते तर कितीतरी मजुरांची एक खेप वाचली असती. खेप म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी, हे शेरा लिहिणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

आक्षेप असा घेतील की सगळेच कारण सगळ्यांना सांगता येत नाही. हे खरे आहे. परवलीचा शब्द चुकला असता ‘नाव बरोबर आहे, शब्द तेवढा चुकला’ असे सांगणे म्हणजे चोराला अर्धे कुलूप उघडून देणे. केंद्रातील यंत्रांची नावे, त्यांचे पत्ते, आतील रचना, ही बाजारात मांडावयाची नव्हेत. परंतु या आक्षेपाच्या आड जेवढी माणसे लपतात तेवढ्यांना लपावयास त्यात जागा नाही. बाहेरच्याला सांगावयाचे कारण आणि आतल्या दप्तरात नोंदावयाचे कारण ही दोन वेगळी असू शकतात. मात्र दोघांना जोडणारा एक क्रमांक बाहेरच्याच्या हाती दिला पाहिजे. तो क्रमांक सांगताच आतल्या माणसाला पूर्ण साखळी सापडावी. ‘घड्याळ पुढे आहे’, ‘ठसा नोंदलेला नाही’, ‘आमच्याकडे बिघाड आहे’ या तीन वाक्यांनी कोणत्या चोराचे फावते, ते मला तरी समजलेले नाही. उलट तिसऱ्या वाक्याची टाळाटाळ सुरक्षिततेसाठी होते की अब्रूसाठी, अशी शंका येते.

दोष कोणाचा हे निदान दोन भागांत तरी सांगावे, याचा एक चांगला पायंडा आपल्या देशात पडला आहे. फोनवरून पैसे देण्याची जी पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली, तिच्यातील फसलेल्या व्यवहारांचे आकडे पेमेंट महामंडळ बँकवार प्रसिद्ध करते, आणि ते दोन रकान्यांत. ग्राहकाने चुकीचा गुप्त आकडा घातला, मर्यादेबाहेर रक्कम मागितली, असे एका रकान्यात. बँकेची किंवा महामंडळाची यंत्रणा व जाळे बंद पडले, असे दुसऱ्यात. दुसऱ्या रकान्यात आपले नाव वर असू नये असे कोणत्याही बँकेला वाटणारच. दोन्ही प्रकार एकाच टोपलीत टाकले असते तर ही लाज कोणालाच वाटली नसती.

आणि जुन्या चुका सुधारता येतात, याचेही उदाहरण आहे. जाळ्यातील नावांचे पत्ते शोधणारी जी व्यवस्था, तिच्यासाठी १९८७ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी लिहिलेल्या नियमांत ‘सर्व्हरला जमले नाही’ अशा अर्थाचा एक क्रमांक होता, दोन. पुढे नावांवर सह्या आल्या, सह्यांच्या मुदती आल्या, अडवाअडवी आली. पण सही शिळी झाली तरी दोन, समोरचा सर्व्हर मेला तरी दोन. ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे ३३ वर्षांनी, या उत्तराला कारणाची पुरवणी जोडण्याचा नियम आला. सहीची मुदत संपली, जबाबदार सर्व्हरांपैकी कोणाशीच संपर्क होत नाही, जाळ्याचा बिघाड, इतकेच काय, हे नाव वरून अडविण्याचा हुकूम आहे, यांनाही त्यात निरनिराळे क्रमांक आहेत. जुना ‘दोन’ तसाच राहिला. त्याच्या शेजारी शेरा लिहावयास जागा झाली.

आता पुन्हा त्या दुकानात जाऊ. केंद्र सरकारच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना स्पष्ट कळविले होते की जाळे नाही, जोडणीत दोष आहे किंवा ठसे नीट उमटत नाहीत, एवढ्यावरून कोणाही पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये. अशा वेळी दुसऱ्या रीतीने ओळख पटवून धान्य द्यावे आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. सूचनेत कारणे अशी वेगवेगळी नावाने सांगितलेली आहेत. ती पाळावयाची तर आज कोणते कारण घडले, हे दुकानदाराला कळले पाहिजे. त्याच्या हातातील यंत्राला ते क्रमांकाने ठाऊक असते. पडद्यावर तो क्रमांक आणि त्याखाली हिंदीत अगर मराठीत एक ओळ, एवढ्यासाठी नवा कायदा नको, नवे यंत्र नको. कोठल्या तरी कचेरीत बसलेल्या एका माणसाने त्या आज्ञावलीत काही ओळी बदलावयाच्या आहेत. तोपर्यंत ३०० असो, ५६२ असो की ९३० असो, दुकानदार आपल्या वहीत एकच लिहील, ‘अंगूठा नहीं लगा’.